तळं हिरवं का होतं आणि वॉर्ड ऑफिसात नेमकं काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, भोवती टॉवर उभे राहिले आणि गावचा १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आता बारा महिने हिरवा असतो, उन्हाळ्यात वास मारतो. आता सुशोभीकरणाचा आराखडा आला आहे. त्यात भोवती दगडी भिंत, जॉगिंग ट्रॅक, कारंजं, लॉन आणि दिवे आहेत. सोसायट्यांच्या फेडरेशनने पाठिंब्याचं पत्र द्यावं का? आणि पाणी खरंच सुधारायचं असेल तर काय करावं लागतं?

आत्ता या आराखड्याला पत्र देऊ नका. त्यातला एकही रुपया पाण्यावर खर्च होणार नाही, आणि भिंत एकदा उभी राहिली की पुढे पाण्यासाठी जे करायचं त्याची जागाच जाते. पाण्याचे नमुने घेणं, नाले वळवणं आणि सांडपाणी प्रकल्प चालवणं यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. या काळात जी तळी सुधारलेली पाहिली त्यांचं निम्म्याहून जास्त काम काठापासून लांब, वरच्या अंगाला झालं होतं. तिथे उद्घाटनाची फीत लावता येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

तेव्हा सुरुवात चालण्यापासून करा. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी सातला, तलावात जिथून ओढा उतरतो तिथून वर चालायला लागा. पाऊस थांबून पाच महिने झालेले असतात. तरीही ओढ्यात पाणी वाहत असेल तर ते झऱ्याचं असेल, नाहीतर कुणाच्या तरी मोरीचं. दोन्हींतला फरक सहज कळतो. झऱ्याचं पाणी दिवसभर सारखं वाहतं. घरांचं पाणी सात ते नऊमध्ये फुगतं, अकरानंतर ओसरतं आणि रात्री दोनला जवळजवळ थांबतं. ओढ्यातल्या दगडांना करड्या कापसासारखे पुंजके लटकत असतील तर वर कुठेतरी मैलापाणी रोज मिसळतंय, असं न तपासता धरून चाला. ओढ्यावरच्या रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीत वाकून बघा. पाइपाची तोंडं बहुतेक वेळा घाणेरीच्या झुडपामागे किंवा गॅबियनच्या, म्हणजे दगड भरलेल्या, जाळीमागे असतात. सापडलेल्या प्रत्येक तोंडाचा फोटो, वेळ आणि मोबाइलवरचं ठिकाण नोंदवा. रात्री मैला उपसणारे टँकर कुठे रिकामे होतात हे रखवालदारांना माहीत असतं, त्यांना विचारा. दोन-तीन सकाळींत तयार होणारा हा नकाशा हीच तुमची सगळ्यात मोठी पुंजी, कारण तो सहसा महापालिकेकडेही नसतो.

आता थोडा हिशोब. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं नियोजनाचं माप, आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. एक हजार फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर दिवसाला सव्वाचार लाख लिटर. माणसाच्या शरीरातून आणि साबण-डिटर्जंटमधून मिळून माणशी रोज दीड-दोन ग्रॅम फॉस्फरस जातो, म्हणजे या एका वस्तीचा रोजचा सहा किलो तरी झाला. एक किलो फॉस्फरसवर ओल्या वजनाचं पाचशे किलोपर्यंत शेवाळ पोसलं जातं. तुमचं तळं हिरवं का, याचं उत्तर एवढंच आहे. तो हिरवा रंग म्हणजे वरच्या घरांतून आलेलं खत.

इथे एक गोष्ट अनेक इंजिनिअरांच्याही ध्यानात येत नाही. सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, उत्तम चालला, पाणी स्वच्छ दिसलं, बीओडी (पाण्यातली कुजणारी घाण किती ते सांगणारा आकडा) दहाच्या आत आला, तरी नेहमीच्या पद्धतीचा प्रकल्प पाव भाग फॉस्फरससुद्धा जेमतेम काढतो. म्हणून 'शुद्ध केलेलं पाणीच सोडतो' हे बिल्डरचं म्हणणं खरं असलं तरी तळं हिरवंच राहतं. ते पाणी आधी फ्लशला, बागेला, पार्किंग धुवायला वापरलं गेलं पाहिजे. उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचंच असेल तर ते वाटेत पाणकणीस, लव्हाळा असलेल्या उथळ पाणथळीतून मुरत-रेंगाळत गेलं पाहिजे. बंगळूरच्या जक्कूर तलावात हे केलेलं आहे. वरच्या बाजूला सांडपाणी प्रकल्प, त्याखाली लावलेली पाणथळ आणि मग तलाव. तिथेही जलपर्णी डोकं वर काढते, माणसं लागतात, पाणथळीतली वाढ कापून न्यावी लागते. पण तो तलाव जिवंत आहे, आणि मोठ्या शहरातल्या सांडपाण्यावर जिवंत आहे.

एसटीपी उत्तम चालला तर, असं वर म्हटलं. तो चालतो का हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. माझ्या पिशवीत एक लिटरचा काचेचा सिलिंडर कायम असतो. एरेशन टाकीत, म्हणजे जिथे सांडपाण्यात हवा सोडतात तिथे, डबा बुडवायचा, सिलिंडर भरायचा, ओट्यावर ठेवायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. चांगल्या टाकीतला गाळ चॉकलेटी असतो, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तो जिवंत असल्यासारखा गोळा होत खाली बसतो आणि अर्ध्या तासाने दोनशे-तीनशेच्या रेघेवर थांबतो. वर नितळ पाणी उरतं. गाळ काळा असेल, नासक्या अंड्याचा वास असेल तर हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद असतो. सिलिंडरमध्ये गाळच नसेल, नुसतंच गढूळ पाणी असेल, तर तिथे जिवाणू नाहीतच, प्रकल्प फक्त कागदावर आहे. एका मोठ्या सोसायटीत मी हे करून दाखवलं तेव्हा कमिटीच्या नऊपैकी आठ जण त्या तळघरात पहिल्यांदाच उतरले होते. ऑपरेटर एकटा मुलगा होता, वीजबिल कमी आणायला त्याला रात्री दहाला ब्लोअर बंद करायला सांगितलं होतं. दोष त्या मुलाचा नव्हता. कमिटीने ते बिल मंजूर करायला सुरुवात केली आणि महिन्याभरात वास गेला. तुमच्या फेडरेशनमध्ये किती सोसायट्या आहेत तितके सिलिंडर घ्या. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि सांडपाणी शुद्ध करणं ही त्या मंजुरीतली अट असते. मंजुरीचं पत्र मागून घ्या आणि अट वाचा. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं घर साफ असलं की वॉर्ड ऑफिसातल्या बोलण्याला वजन येतं.

तुमचा तलाव पाझर तलाव आहे, ही बाब मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. बहात्तरच्या दुष्काळात माणसांच्या हाताला काम आणि खालच्या विहिरींना पाणी म्हणून असे बांध घातले गेले. पाणी साठवण्यापेक्षा जमिनीत मुरवणं हाच त्यांचा हेतू. तो तलाव अजूनही आपलं काम इमानेइतबारे करतोय, फक्त आता सांडपाणी मुरवतोय. बांधाच्या खालच्या विहिरी आणि बोअर कुणाच्या आहेत? त्यातून टँकर भरले जातात का? ते टँकर मेमध्ये कुठल्या सोसायटीत येतात? या विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, नायट्रेट आणि कोलिफॉर्मसाठी (मैल्याची खूण देणारे जिवाणू, ई. कोलाय त्यातलाच) तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर नको, ई. कोलाय तर अजिबात नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड-किरकटवाडीसारख्या नव्याने समाविष्ट झालेल्या भागांत गुईलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. तेव्हा सगळ्यांची नजर विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याकडे गेली. गाव महापालिकेत येतं एका दिवसात, ड्रेनेजची मुख्य लाइन आणि शुद्ध केलेलं नळाचं पाणी यायला वर्षं लागतात. त्या मधल्या वर्षांत माणसं काय पितात, याची काळजी तलावाच्या शोभेआधी घ्यायला हवी.

पाषाणचा तलाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. रामनदी भुकूम-भुगावच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, बावधनवरून येते, ब्रिटिश काळातल्या त्या बांधाशी थबकते आणि पुढे सोमेश्वरवाडी करत औंधजवळ मुळेला मिळते. पाषाण तलावात गाळ काढणं, बेटं करणं, काठ सजवणं हे सगळं होऊन गेलं. जलपर्णी काढली की परत येते. कारण नदीचा वरचा भाग ग्रामपंचायतींकडे, मधला नव्याने आलेल्या गावांकडे, खालचा जुन्या हद्दीत. सांडपाण्याला हद्द कळत नाही. तुमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जर अजून ग्रामपंचायत आणि पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) हद्द असेल तर एकट्या वॉर्ड ऑफिसला पत्र देऊन भागणार नाही. महापालिका, पीएमआरडीए, ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा चौघांना एकच नकाशा, एकाच तारखेला द्या.

जलपर्णीबद्दल बरीच माणसं चिडून लिहितात. ती पाण्यातलं खत उचलून घेणारी वनस्पती आहे, आणि कधीकधी पंधरवड्यात दुप्पट होते. ती काढली की तेवढं खत बाहेर येतं, पण काढून काठावरच ढीग घातला तर पहिल्या सरीला ते सगळं परत आत. शंभर किलोतलं नव्वद-पंच्याण्णव किलो नुसतं पाणी असतं, म्हणून ठेकेदार लांब न्यायला राजी नसतो. निविदेतच 'काठापासून दूर नेऊन कंपोस्ट' असं लिहून घ्या आणि वजनकाट्याच्या पावत्या मागा. तणनाशक फवारू देऊ नका. झाडं मरून तळाशी जातात, तिथे कुजताना प्राणवायू संपवतात, मासे मरतात, आणि खत होतं तिथेच राहतं.

प्राणवायूची गंमत समजून घ्या, कारण अहवाल वाचताना ती उपयोगी पडते. २५ अंशाच्या पाण्यात पुण्याच्या उंचीवर लिटरला जेमतेम पावणेआठ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो. हिरव्या तळ्यात दुपारी तीनला मोजला तर तो बारा-चौदाही दिसेल, कारण शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं. अहवालात लिहिलं जाईल 'उत्तम'. तेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं आणि पहाटे पाचला मीटर दोनच्या खाली जातो. मासे पहाटे तोंड वर काढून पृष्ठभागावर येतात ते यामुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी किमान चार लागतो. तेव्हा कुठल्याही अहवालावर आधी नमुन्याची वेळ बघा. वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा. संध्याकाळी सात ते नऊ चालणारं कारंजं बघायला छान दिसतं, पण तळ्याला प्राणवायू लागतो पहाटे तीन ते सहा. हवा द्यायचीच असेल तर तळाशी बुडबुडे सोडणारे डिफ्युझर मागा आणि ते रात्री चालवा. तेसुद्धा रुग्णाला ऑक्सिजन लावण्यासारखं आहे, आजार वरच्या नाल्यातला.

घरच्या घरी करता येणारं एक मोजमाप सांगते. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, चार चतकोर आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध दोरी आणि खाली वजन. दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा, दिसेनाशी झाली की गाठी मोजा. याला सेक्की चकती म्हणतात. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने. शाळेतल्या मुलांना हे फार आवडतं आणि ती मोठ्यांपेक्षा नेमानं करतात. दोन वर्षांची अशी वही असली की कुठलाही सल्लागार तुम्हाला 'पाणी सुधारलं' असं उगाच सांगू शकत नाही. बाकीच्या चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून घ्या. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा आणि एकूण फॉस्फरस मागायला विसरू नका, नेहमीच्या यादीत तो नसतो.

गाळाचा मुद्दा थोडक्यात. वरून सांडपाणी येणं थांबेपर्यंत गाळ काढू नका, कारण दोन-तीन वर्षांत पुन्हा तेवढाच भरतो. सांडपाणी थांबल्यावर मात्र काढावाच लागतो, कारण तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाला बांधलेला फॉस्फरस सुटून वर येतो आणि नाला बंद झाला तरी तळं काही वर्षं हिरवंच राहतं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतात जातो तसा हा गाळ सरळ शेतात टाकू नका. शहरातल्या तळ्याचा गाळ आधी जड धातूंसाठी तपासायचा.

आता उद्यान. मला उद्यान हवंच आहे. चालायला, बसायला, म्हाताऱ्या माणसांना सावलीत टेकायला जागा नसेल तर तळ्यासाठी भांडणारंही कुणी उरत नाही. फक्त ट्रॅक पाण्यापासून वीस-पंचवीस मीटर मागे घ्या आणि तो मातीचा-मुरुमाचा ठेवा. मधल्या पट्ट्यात गवत, लव्हाळे, पाणकणीस राहू द्या. उतार हळूहळू पाण्यात जाऊ द्या. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि चिखलाचा पट्टा उघडा पडतो, तोच बगळ्यांचं, तुतवारांचं ताट. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. उभी दगडी भिंत घातली की हे सगळं एका उन्हाळ्यात संपतं, आणि वरून धुऊन येणारं पाणीही गवतातून न गाळता थेट आत पडतं. झाडं लावायची तर करंज, वाळुंज, उंबर, जांभूळ लावा. लॉन टाळा. त्याला रोज पाणी आणि वर युरिया लागतो, तो पहिल्या पावसात तळ्यात येणार. दिवे कमी, खाली तोंड केलेले आणि रात्री दहाला बंद होणारे.

पवई तलावाकाठी मुंबई महापालिकेने सुरू केलेलं सायकल ट्रॅकचं काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. हा निकाल लक्षात ठेवा, पण त्यावर विसंबू नका. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत, आणि पाझर तलावाला ती पळवाट लावली जाऊ शकते. म्हणून आधी सातबारा काढा. गाव महापालिकेत आलं तरी असे तलाव पुष्कळदा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाच्या नावावरच राहतात. मग एक म्हणतो आमचा नाही, दुसरा म्हणतो आमच्याकडे निधी नाही. हस्तांतर झालं का, हे माहिती अधिकारात विचारा. ते झालं नसेल तर सुशोभीकरणाचा आराखडा कुणाच्या जागेवर केला, हाही प्रश्न विचारा.

टेकड्याही याच कामात मोडतात. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवरच्या सुमारे ९७८ हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, ते अनेक वर्षांच्या भांडणानंतर. तुमच्या गावाचा विकास आराखडा अजून ठरायचा असेल तर तलावाच्या वरची टेकडी आत्ताच हरकती-सूचनांत लिहून द्या. टेकडी फोडली की पहिल्या दोन पावसाळ्यांत येणारा गाळ आधीच्या वीस वर्षांच्या तोडीचा असू शकतो. ओढ्याचं पात्र अरुंद करू देऊ नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. तो ओढा जिथून येतो त्या कात्रजच्या खोऱ्यात १८ व्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी तलाव बांधले गेले. गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणीच भुयारी नळाने हौदांपर्यंत न्यायचं, ही त्यांची रीत. ओढा तलावात शिरण्याआधी एक छोटा गाळकुंड करा, असं मी आज सांगते तेव्हा नवं काही सांगत नाही.

गणपतीचं थोडं सांगते, कारण सप्टेंबरात तुम्हाला विचारलं जाईल. विसर्जन हौदात, शक्यतो शाडूची मूर्ती. पीओपीची असेलच तर पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुण्यात वापरली जाते. त्यात पीओपीची चुनखडी होते आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. ते पाणी म्हणजे खत आहे. झाडांना पातळ करून घाला, तलावात किंवा गटारात ओतू नका. मंडळाच्या मुलांना हे एकदा नीट समजावलं की ती पाळतात. निर्माल्यासाठी काठावर कलश ठेवले तर ते रोज रिकामे करणारा माणूस नेमा.

तेव्हा वॉर्ड ऑफिसला पत्र द्याच, पण ते वेगळं द्या. त्यात पहिली मागणी ओढ्यालगतच्या ड्रेनेजच्या मुख्य लाइनची आणि तिच्या तारखेची. ती होईपर्यंत कोरड्या दिवसांतलं सांडपाणी अडवून पंपाने जवळच्या चालू लाइनला वळवण्याची. पुण्यात केंद्राच्या मंजुरीने जपानच्या कर्जातून ११ सांडपाणी प्रकल्पांचं काम हाती घेतलं आहे. तुमचं पाणी त्यातल्या कुठल्या प्रकल्पाला जोडणार हे लेखी विचारा, 'जोडू' एवढ्यावर उठू नका. मग गाळकुंड आणि पाणथळीसाठी ओढ्याच्या तोंडाशी जागा, ती आराखड्याच्या नकाशावर दाखवून. भिंत वगळावी, ट्रॅक मागे घ्यावा. आणि दर तीन महिन्यांनी पहाटेच्या नमुन्याचा अहवाल तलावाच्या फाटकावर लावावा, त्यात एकूण फॉस्फरस असावा. सोबत पाइपाच्या तोंडांचा नकाशा आणि तुमच्या सोसायट्यांच्या सिलिंडरचे फोटो जोडा.

पुढच्या पावसानंतर, नोव्हेंबरात, पहिली चकती सोडा. तेव्हा ओढ्यात डोंगराचंही पाणी असतं, तळं वर्षातलं सगळ्यात नितळ असतं. तो आकडा आणि एप्रिलचा आकडा यांतलं अंतर मला कळवा, मग ड्रेनेज लाइन येईपर्यंत पाणथळ किती मोठी लागेल ते तुमच्या ओढ्याचं पाणी मोजून सांगता येईल.